ग्रँड पियानोला इजा झाल्यास : जबलपूरकरांसाठी प्रथमोपचार

नेपियर टाउन असो वा राइट टाउन, दिवाणखान्यात ग्रँड पियानो असेल तर त्याला आज ना उद्या इजा होणार, हे धरूनच चालावे. घाबरू नये. पुढील क्रमाने वागावे.

१. आधी प्रकार ओळखावा. इजा दोन तऱ्हेची असते : अपघाती आणि हेतुपुरस्सर. चहा सांडणे ही अपघाती. ‘सरका, दोन मिनिटांत करून देतो’ ही हेतुपुरस्सर. दुसरीवर अजून औषध निघालेले नाही.

२. चहा सांडल्यास कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. जोर लावून पुसल्यास तो फटींतून आत उतरतो, पट्ट्यांचे लाकूड फुगते आणि ‘सा’ दाबला की शेजारचा ‘रे’ही खाली बसतो. पियानो उन्हात वाळवू नये. तो पापड नव्हे.

३. तार तुटल्यास हात मागे घ्यावा. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण वीस टनांच्या घरात जातो. सतारीची तार चालेल असे सुचवणाऱ्या पाहुण्याला चहा द्यावा. मात्र पियानोपासून लांब बसवून.

४. साउंडबोर्डला भेग दिसल्यास कूलर कुठे आहे ते पाहावे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की ही स्प्रूसची फळी सुकते, पावसाळ्यात फुगते. त्यात खसची ओली हवा थेट पियानोवर सोडली की तारा गंजतात. भेगेचे खापर २२ मे १९९७च्या भूकंपावर फोडण्याची सोय आपल्या गावात आहेच. फक्त पियानो त्यानंतर घेतलेला नसावा.

५. आतली बिडाची चौकट तडकल्यास फॅक्टरीतून रिटायर झालेल्या काकांना कळवू नये. १९०४ पासून तोफांचे गाडे बनवणाऱ्या गावात पियानोची काय मिजास, या विचाराने ते पाना आणि वेल्डिंगवाला घेऊनच येतील. २०२० साली बर्लिनमध्ये पियानोवादक अँजेला ह्यूइट यांचा चार पेडलांचा फाझिओली पियानो हलवताना हमालांच्या हातून पडला. चौकट तुटली. खुद्द पाओलो फाझिओली यांनी तपासून हा आता दुरुस्त होण्यातला नाही, असे सांगितले. काकांनी असे आजवर कशाबद्दलही सांगितलेले नाही.

६. कोणतीही इजा असो, झाकण लावून किल्ली खिशात टाकावी आणि मुंबईहून किंवा कोलकात्याहून जाणता ट्यूनर बोलवावा. त्याचे जाण्यायेण्याचे भाडे जड वाटत असेल, तर काकांच्या दुरुस्तीची दुरुस्ती करायला किती पडतील, ते त्यालाच विचारावे.

पियानो मुलांच्या धपाट्यांतून वाचतो, हितचिंतकांच्या तावडीतून वाचत नाही. तेव्हा किल्ली सांभाळा.