हौद्यावरचे झाकण आणि मुळशीचा पाऊस

पिकअपच्या हौद्यावर जे कडक झाकण बसवतात, ते मुळशी तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने माल कोरडा ठेवत नाही आणि उरलेले आठ महिने माल भरू देत नाही. तक्रार लहान आहे. रस्त्यांच्या आणि धरणग्रस्तांच्या तक्रारी जिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत, तिथे झाकणाचे गाऱ्हाणे कोण ऐकणार, असे कोणी म्हणेल. पण ज्याची युरियाची गोणी भिजून दगड झाली आहे, किंवा गिरणीतून आणलेल्या इंद्रायणी तांदळाला घरी पोचेपर्यंत कुबट वास लागला आहे, त्याला ते कळेल. ते एकदा नीट मांडायला हवे.

आपल्याकडे पिकअप म्हटले की बोलेरो पिकअप, नाहीतर टाटाचा छोटा हत्ती. पौडच्या बाजारात, पिरंगुटच्या कारखान्यांबाहेर याच गाड्या उभ्या असतात. त्यांच्या हौद्यावर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री आणि ती ओढून बांधायला हौद्याच्या कडेने आकडे. दुसऱ्या जातीची पिकअप नंतर आली. चार दारे, पुढे पाच माणसे, मागे आखूड हौदा. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आपल्याकडे विक्रीला आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. घरची माणसे पुढे, माल मागे, एकाच फेरीत दोन्ही कामे, या हिशेबाने भातशेतीला रोपवाटिकेची किंवा पॉलिहाउसची जोड देणाऱ्यांनी अशी गाडी घेतली. मीही घेतली, आणि त्या हिशेबात अजूनही काही खोट दिसत नाही. फक्त या गाड्यांचा हौदा उघडा येतो. त्यावर कमानी नसतात, दोरी बांधायला आकडे मोजकेच असतात. म्हणून झाकण शोधावे लागते, आणि इथून त्रास सुरू होतो.

झाकणांचे मुख्य प्रकार तीन. पहिला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, जो केबिनमागच्या डब्यात गुंडाळला जातो. हा डबा हौद्यातली वीतभर जागा कायमची अडवतो. हौदाच मुळात जेमतेम पाच फुटांचा, त्यातली वीत अशी गेली. दुसरा घडीचा. तीन किंवा चार फळ्या, मध्ये रबराचे जोड. तीन फळ्यांचे झाकण दुमडले तरी पुढचा एक तृतीयांश हौदा झाकलेलाच राहतो. चार फळ्यांचे असेल तर ते केबिनच्या मागच्या काचेला टेकून उभे राहते आणि मागचे काही दिसत नाही. तिसरा फायबरचा, एकसंध, गाडीच्या रंगाचा, दोन गॅस शॉकरवर उचलला जाणारा. तो दिसायला सर्वांत देखणा. पण उंच माल न्यायचा झाला तर तो पूर्ण उतरवावा लागतो. उतरवायला दोन माणसे लागतात आणि उतरवल्यावर ठेवायला पडवी मोकळी करावी लागते.

विकणारे मात्र तिन्हींबद्दल एकच वाक्य बोलतात. “साहेब, एक थेंब आत जाणार नाही.” मग दुकानासमोर उभ्या गाडीच्या झाकणावर बाटलीभर पाणी ओततात, झाकण उघडून आतला कोरडा तळ दाखवतात आणि बिल करतात.

माझी खरी हरकत या परीक्षेला आहे. बाटलीतले पाणी संथ, सरळ वरून, उभ्या गाडीवर पडते. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या तालुक्यातल्या ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला. चांदणी चौकात रस्ता कोरडा असतो, भूगाव-भुकूमला भुरभुर सुरू होते, आणि पौड ओलांडून मुळशी धरणाच्या बाजूला लागलो की वायपर सर्वांत जलद फिरवूनही पुढचे दिसत नाही. शिवाय हा पाऊस पश्चिमेकडून वाऱ्यावर तिरका येतो. त्यात गाडी पळत असते, त्यामुळे पाणी झाकणाच्या कडांवर जोराने आदळते, आणि मागची चाके रस्त्यावरचे पाणी उडवतात ते वेगळेच. कोथरूडच्या किंवा बाणेरच्या दुकानासमोर एका बाटलीने यातले काहीच तपासले जात नाही.

यात सगळा दोष झाकणाचा नाही, हेही सांगतो. हौदा मुळात पाणी निघून जावे म्हणूनच बनवलेला असतो. त्याच्या तळाला भोके असतात, पत्र्यांच्या जोडांत फटी असतात, आणि फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी जागा सोडलेली असते, कारण फाळका सहज पडायला आणि उचलायला हवा. वरून कितीही घट्ट झाकण बसवले तरी ही फट तशीच राहते. तिच्यासाठी वेगळी रबरी पट्टी मिळते. दुकानात ती कोणी आपणहून दाखवत नाही. गिऱ्हाइकाने पहिल्या पावसानंतर परत येऊन विचारले की मग ती निघते आणि तिचे वेगळे पैसे होतात. झाकण विकताना हे सांगायला अर्धे मिनिट लागले असते.

याहून वाईट गोष्ट नळ्यांची. गुंडाळणाऱ्या झाकणात पाणी थोडे झिरपणार, हे बनवणाऱ्यांनी धरलेलेच असते. म्हणून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना पन्हळ असते, आणि पन्हळीतले पाणी कोपऱ्यांतल्या बोटभर जाडीच्या नळ्यांतून गाडीखाली सोडायचे असते. पावसाच्या देशांतही या गाड्या चालतात. एकट्या थायलंडमध्ये अशा पिकअप अमाप बनतात आणि अमाप वापरल्या जातात. त्यामुळे योजना बरोबर आहे. पण आपल्याकडे फिटर त्या नळ्या खालपर्यंत नेत नाही. खाली नेण्यासाठी वाट शोधावी लागते, कधी भोक पाडावे लागते, आणि भोक पाडायला मालक कचरतो. मग नळी हौद्याच्या आतच लोंबकळत सोडून देतात. पन्हळीने इमानदारीने गोळा केलेले सगळे पाणी नेमके गोण्यांवर पडते. आणि नळी खाली नेलेली असली, तरी आमच्याकडे गाडी उभी असते ती बांबूच्या बेटाखाली किंवा शिरीषाखाली. बांबूचे पान पन्हळीत शिरले की नळी बुजते. दर आठवड्याला तार घालून ती मोकळी करावी लागते, हे कोणत्याही माहितीपत्रकात मराठीत लिहिलेले मला दिसले नाही.

सपाटपणाचा जाच वेगळा. कमानीवरच्या ताडपत्रीवर पाणी थांबत नाही, उतारावरून खाली जाते. कडक झाकण सपाट असते, म्हणून मुसळधार पावसात त्यावर पाणी साचून राहते. घडीची फळी उचलली की ते सगळे पाणी पुढे धावते आणि जोडातून हौद्यात पडते. म्हणजे वाटभर कोरडा राहिलेला माल उतरवायच्या क्षणी भिजतो. उघडण्याआधी खराट्याने पाणी झाडून काढणे हा त्यावरचा उपाय. तो मी करतो आणि सगळ्यांनी करावा. पण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे मागे टेम्पोंची रांग लागलेली असताना, हमाल “लवकर काढा हो दादा” म्हणत उभे असताना, खराटा फिरवत बसणे सोपे नाही.

पाऊस संपला की उंचीची अडचण सुरू होते. हौद्याची खोली साधारण दीड फूट. भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट साधारण एक फूट उंच. झाकण बंद ठेवायचे तर क्रेटचा एकच थर बसतो आणि त्याच्या वर अर्धा फूट हवा गुलटेकडीपर्यंत जाते. चाळीस लिटरचा दुधाचा कॅन उभा राहत नाही, आणि दुधाचा कॅन आडवा कोणी ठेवत नाही. कलमी आंब्याचे रोप पिशवीसकट तीन फुटांचे असले तर झाकण उघडेच ठेवावे लागते. वैरणीच्या पेंढ्या, पाण्याची टाकी, शेळी यांपैकी काहीही न्यायचे म्हटले की झाकण आड येते. गणपतीत तर हमखास. मूर्ती उभी आणायची, त्या दिवशी पाऊसही असतोच, आणि नेमक्या त्याच दिवशी झाकण काढून घरी ठेवून मूर्तीवर प्लॅस्टिकचा कागद धरून यावे लागते. इतके पैसे घालून घेतलेली वस्तू वर्षातल्या सर्वांत महत्त्वाच्या फेरीला उपयोगी नाही, हे मला अजून पचलेले नाही.

उन्हाळ्याचे थोडक्यात सांगतो. ही झाकणे बहुतेक काळी असतात. एप्रिलच्या उन्हात त्यांच्याखाली मेथी आणि कोथिंबीर दोन तासांत माना टाकते. ओल्या गोणपाटाखाली उघड्या हौद्यात ती याहून चांगली टिकते. धुळीचेही तसेच. गाडी पळताना मागच्या बाजूला हवेची पोकळी होते आणि ती फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढते. हिंजवडी-माणच्या बाजूला खडीच्या डंपरमागून गेलात तर बंद झाकणाखालच्या सामानावर बोटाने नाव लिहिता येते.

मग कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायद्याचा हेतू योग्य आहे. वेडीवाकडी बॉडी बांधून गाड्या उलटतात आणि माणसे मरतात. पण कडांना क्लॅम्पने धरलेले, एकही भोक न पाडता बसवलेले आणि संध्याकाळी काढून ठेवता येणारे झाकण हा बदल आहे की नुसते सामान आहे, हे शेतकऱ्याला चार ओळींत कोणी लिहून देत नाही. विकणारा म्हणतो, काही होत नाही. नाक्यावरचा हवालदार म्हणतो, कागद दाखवा. दाखवायला कागदच नसतो. मालक त्या दोघांच्या मध्ये, पावसात, खिडकीची काच खाली करून बसलेला असतो.

सुट्या भागांबद्दल बोलायलाच हवे, कारण सर्वांत जास्त माणसे तिथे हरतात. रबराची पट्टी उन्हाने कडक होते आणि चिरते. गॅस शॉकरमधला जोर कमी होतो, मग झाकण वर टिकत नाही आणि माल काढताना एका हाताने धरून ठेवावे लागते. फायबरचे जड झाकण डोक्यावर येणे ही काही गमतीची गोष्ट नाही. झाकणाच्या कुलपाची किल्ली गाडीच्या किल्लीहून वेगळी असते आणि ती हरवली की फाळकाही उघडता येत नाही, कारण अनेक झाकणे आधी उघडल्याशिवाय फाळका पडत नाही. हे भाग पौडला मिळत नाहीत. पुण्यात मागवतो म्हणतात आणि पावसाळा निघून जातो. उलट ताडपत्री फाटली तर बाजारातला शिवणारा तासाभरात ठिगळ लावून, नवी कडी ठोकून देतो.

या सगळ्यानंतरही झाकण घेऊच नका असे मी म्हणणार नाही. पुण्यात गाडी रस्त्यावर उभी करून काम करायचे असेल, मागे पंप, केबल, औषधफवारणीची यंत्रे अशी किमती अवजारे असतील, तर कुलूप लागणारे झाकण कामाचे आहे. ते चोरापासून राखते. पावसापासून राखते असे सांगून ते विकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. तोंडी दिलेल्या वचनाला मात्र पुरावा नसतो, आणि आमचा सगळा व्यवहार तोंडी होतो.

म्हणून घेणाऱ्यांना विनंती आहे. झाकण उन्हाळ्यात सवलत आहे म्हणून घेऊ नका. जूनमध्ये घ्या. बाटलीची परीक्षा मान्य करू नका. गाडी धुण्याच्या नळीने समोरून, बाजूने आणि फाळक्यावर दहा मिनिटे पाणी मारायला लावा आणि हौद्यात वर्तमानपत्र पसरून ठेवा. नळ्या गाडीखाली कुठे निघतात ते वाकून स्वतः पाहा. आपला क्रेट आणि दुधाचा कॅन सोबत न्या आणि ठेवून बघा. फाळक्याची पट्टी, दोन जादा किल्ल्या आणि रबराचा एक संच त्याच बिलात घ्या. “एक थेंब आत जाणार नाही” हे वाक्य बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहून देणार नसेल तर पैसे देऊ नका. आणि झाकण घेतलेत तरी युरिया, तांदूळ आणि बियाणे नेताना गोण्यांवर आतून ताडपत्री टाकाच.