एक पीस आलाय

आमच्या घरात मिक्सर घ्यायचा तर तीन दुकानं होतात. मला पसंत करण्याआधी माझ्या सासऱ्यांनी सात स्थळं पाहिली होती. त्यामुळे २०२०च्या डिसेंबरात, नऊ महिने मोबाइलवर शाळा करून कंटाळलेल्या चिरंजीवांनी जेवताना 'कन्सोल' हा शब्द काढला, तेव्हाच प्रकरण लांबणार हे मी ओळखलं.

प्लेस्टेशन ५ की एक्सबॉक्स सीरीज एक्स? मी सवयीने एक्सेल उघडलं, आणि पहिल्याच ओळीत दगा झाला. एक्सबॉक्स ४९,९९० रुपये. प्लेस्टेशन ४९,९९० रुपये. मंडईत शेजारी बसणारे दोन भाजीवालेसुद्धा मेथीचा भाव दोन रुपयांनी इकडेतिकडे ठेवतात. हे एक अमेरिकेतून निघालेलं, एक जपानमधून, आणि नेमकं एकाच आकड्यावर येऊन उभं! 'ते जरा स्वस्त पडतं' हे मध्यमवर्गीयाचं एकमेव हत्यार, तेच काढून घेतलं.

"पन्नासला दहा कमी कशाला?" आईने विचारलं.

"तसंच असतं ते."

"मग पन्नासच म्हण."

दुसरी ओळ ताकदीची. एक्सबॉक्सचे बारा टेराफ्लॉप, प्लेस्टेशनचे १०.२८. यात जास्त फ्लॉप असलेलं चांगलं, हे समजायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. तिसरी ओळ रूपाची. एक्सबॉक्स म्हणजे काळा ठोकळा. त्याला फ्रिज म्हणून जगभर इतकं चिडवलं की कंपनीने पुढे खरोखरच त्या आकाराचा छोटा फ्रिज विकायला काढला. प्लेस्टेशन मात्र निवडणुकीच्या तोंडावर कडक इस्त्री करून निघालेल्या उमेदवाराच्या कॉलरसारखा, आणि उंची ३९ सेंटीमीटर. मी आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून शोकेसचा कप्पा मोजला. छत्तीस. आडवा ठेवला तर बसणार, पण मग सप्तशृंगीची तसबीर हलवावी लागणार. ती ओळ मी तिथेच सोडली.

रात्री दोनला, तुलना करायची सोडून, मी इतिहास वाचत होतो. प्लेस्टेशन म्हणजे मुळात मोडलेल्या सोयरिकीचं फळ आहे, हे मला माहीत नव्हतं. १९९१च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने जाहीर केलं, की निन्टेन्डोशी आमचं जमलंय, दोघं मिळून सीडीवर चालणारं यंत्र काढतोय. दुसऱ्या दिवशी त्याच प्रदर्शनात निन्टेन्डोने सांगितलं, आमचं फिलिप्सशी ठरलंय. अक्षता हातात आणि नवरी शेजारच्या मांडवात! सोनीवाले त्या रागात एकट्याने कामाला लागले आणि १९९४च्या डिसेंबरात जपानमध्ये स्वतःचं यंत्र बाजारात आणलं. अपमान इतका कारणी लावलेला मी आमच्या नात्यात तरी पाहिलेला नाही. आमच्याकडे फार तर पुढच्या लग्नाला जात नाहीत.

माझ्या लहानपणी ही भानगड नव्हती. लॅमिंग्टन रोडवरून मामाने आणलेला एक 'टीव्ही गेम' होता. कंपनी कुठली, ते खोक्यावरसुद्धा धड लिहिलेलं नव्हतं. कॅसेटवर '९९९९ इन वन' असं छापलेलं असायचं आणि आत मारिओ, काँत्रा आणि बदकं असे मोजके खेळ नावं बदलून पुनःपुन्हा यायचे. चाललं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची. तेवढंच तांत्रिक ज्ञान घेऊन मी आता टेराफ्लॉपसमोर बसलो होतो.

खरा प्रश्न आईनेच विचारला. सोनं असो, पितळी पातेलं असो, तिचा प्रश्न एकच असतो. "याला मोड किती येते?"

आणि गंमत म्हणजे मुद्दा अगदी रास्त होता. नव्या खेळाची सीडी ४,९९९ रुपयांची. खेळून झाली की विकता येते, भाच्याला उसनी देता येते. दोन्ही कंपन्यांच्या धाकट्या पात्या होत्या, ३९,९९० आणि ३४,९९० च्या, पण त्यांत सीडी जातच नाही. खेळ नेटवरून उतरवायचा. "म्हणजे मोड शून्य," आई म्हणाली, आणि ते दोन्ही बाद झाले.

एक्सबॉक्सवाल्यांचं पुन्हा निराळं. महिन्याची वर्गणी भरा आणि शंभरावर खेळ हवे तसे खेळा. मला हे भलतंच पटलं. बायको सहा वर्षं वसतिगृहात राहिलेली. "ही मेस आहे," ती म्हणाली. "पोट रोज भरतं, पण आवडीची भाजी असेलच असं नाही. आणि पैसे थांबले की ताटसुद्धा आपलं नाही."

"पण स्पायडरमॅन तिकडे नाहीच आहे," चिरंजीव म्हणाले. विषय संपला. प्लेस्टेशन.

१२ जानेवारी २०२१, दुपारी बारा. मी दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप घेऊन तत्काळचं तिकीट काढणाऱ्याच्या पवित्र्यात बसलो. बारा वाजून तीन मिनिटांनी पिनकोड टाकला, पाच मिनिटांनी पाहिलं तर माल संपलेला. महिनाभर घाम गाळलेलं एक्सेल मी मुकाट्याने बंद केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला. "साहेब, एक पीस आलाय."

"कोणता?"

"ते विचारू नका. अर्ध्या तासात या."

गेलो. एक्सबॉक्स होता. घेतला. चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशीपासून कुणाशीच बोलले नाहीत, कारण खेळत होते. मेस चालू झाली होती.

एक गोष्ट मात्र माझ्या एक्सेलमध्ये नव्हती. प्लेस्टेशनचा रिमोट चार्ज करायचा असतो. एक्सबॉक्सच्या रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात. खोक्यातून आलेले सेल एका शनिवारी रात्री, कुठल्याशा शर्यतीच्या शेवटच्या वळणावर संपले. दुकानं बंद. चिरंजीवांनी एक सेल हॉलमधल्या घड्याळाचा काढला, एक स्वयंपाकघरातल्या. दोन्ही घड्याळं अकरा वीसला थांबली.

रविवारी मला जाग आली ती कुकरच्या शिट्टीने. मोबाइलमध्ये सव्वासात. आई अंघोळ, पूजा, नैवेद्य उरकून ओट्यापाशी तरातरा हात चालवत होती.

"साडेअकरा व्हायला आले, आणि तुम्ही सगळे लोळताय! मलाही मेली आजच कशी झोप लागली... पानं घ्या."

खरं सांगायचा धीर कुणालाच झाला नाही. पावणेआठला आम्ही वरणभात जेवलो, वर तूप, कडेला लिंबाचं लोणचं. चिरंजीवांनी मागून भात घेतला आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही.