वाचता न येणारी मासिकं

फ्रेंच येत नसताना फ्रेंच मासिकं जमवणाऱ्या माणसाला घरात प्रतिष्ठा नसते. "वाचता येत नाहीत, मग घेता कशाला?" असं बायको विचारते. मी म्हणतो, "चित्रांसाठी." "मग नुसती चित्रंच घ्या की! जागा तरी कमी लागेल."

पंचाईत अशी, की पॅरिसचे विक्रेतेही तिच्याच मताचे. 'ले मेत्र द लाफिश' हे मासिक १८९५ ते १९०० चाललं. भिंतीवरची भलीमोठी पोस्टरं लहान आकारात छापून दरमहा चार द्यायची, वर्गणीदारांना अधूनमधून एखादं चित्र वरकड, एकूण २५६. निवड पोस्टरांचा बादशहा झ्यूल शेरे याची. चित्राच्या कोपऱ्यात बिनशाईचा उठावाचा शिक्का, बोट फिरवलं की हाताला लागतो. सुट्या चित्रांना गिऱ्हाईक पटकन मिळतं, म्हणून अंक फाडतात. चित्रं फ्रेममध्ये जातात, वेष्टनं केराच्या टोपलीत. मला नेमकी वेष्टनं हवी असतात! सेन नदीकाठच्या हिरव्या पेट्यांपाशी एका विक्रेत्याला मी नुसतं वेष्टन मागितलं. त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते समजायला फ्रेंच लागत नाही.

'लेस्तांप ओरिजिनाल'चं तर नावच काढू नये. १८९३च्या पहिल्या अंकाच्या वेष्टनावर तुलूझ-लोत्रेकने नर्तकी झान आव्रिलला थेट छापखान्यात उभं केलंय. मागे म्हातारा कारागीर यंत्र चालवतोय आणि बाई ताजा छाप निरखताहेत. प्रती किती? शंभर. आमच्याकडे मुंजीच्या पत्रिकाही याहून जास्त निघतात.

माझा जीव मात्र आल्फ्रेद झारीवर. 'उब्यू र्वा' नाटकवाला हाच. आईबापांमागे आलेला पैसा या गृहस्थाने 'पेरिंदेरिओं' नावाच्या चित्रपत्रिकेत घातला, पंधराव्या शतकातल्या वळणाचा टाइप खास ओतवून घेतला आणि १८९६मध्ये दोन अंक काढून गाशा गुंडाळला. आपले साठोत्तरी अनियतकालिकवाले त्याला सख्खा भाऊ मानतील.

"रद्दी" हा शब्द घरात निघाला की मी 'पारी इल्युस्त्रे'चा मे १८८६चा जपान विशेषांक काढतो, म्हणजे तोंडी. अंक माझ्याकडे नाही. त्याच्या मुखपृष्ठावरची जपानी गणिका व्हॅन गॉगने ट्रेसिंग करून मोठी केली आणि १८८७मध्ये तैलरंगात रंगवली. ते चित्र आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे.

तो अंक कुणाला वेष्टनासकट दिसला, तर कृपया कळवा. किंमत फक्त मलाच सांगा.