अंगठ्याला गार्ड नाही

भोसरी असो नाही तर चाकण, पॉवर प्रेसवर उभ्या पोराला कोणी 'बाबा रे, संयम पाळ' असं सांगत बसत नाही. सांगून भागत नाही, हे एमआयडीसीला बोटं गमावून कळलंय. म्हणून मशिनला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. येते तेव्हा दोन्ही हात बाहेर. समोर लाइट कर्टन, मध्ये बोट आलं की मशिन जागच्या जागी थांबतं. जपान्यांनी या विचाराला पोका-योके म्हटलं. आपल्याकडे त्याचे उच्चार सुपरवायझरगणिक बदलतात, पण मतलब सगळ्यांना पाठ आहे. माणूस चुकणारच, घाई करणारच. मशिनच असं बनवा की घाई चालणार नाही.

हाच पोरगा सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसतो आणि खिशातून दुसरं मशिन काढतो. त्याला ना दोन बटणं, ना कर्टन. बस तळेगाव चौकात अडकलेली. (ती अडकतेच, तो वेगळा लेख.) रमी सुरू. दोनशे टाकले, गेले. चारशे टाकले, तेही गेले, पण 'एका पानाने'. खरा घात या एका पानाने होतो. सरळ हरलेला माणूस कंटाळतो. थोडक्यात हुकलेल्याचे हात शिवशिवतात. मग हजार. पिन टाकायला दोन सेकंद लागतात, आणि हजार मिळवायला ओव्हरटाइमचे किती तास लागले, हा हिशोब करायला निदान दहा. आठ सेकंद कमी पडतात, एवढीच काय ती भानगड.

मटक्याचं कौतुक करायचं नाही. रतन खत्रींच्या काळात गिरणगावातल्या किती घरांचा पगार आकड्यात गेला, ते मुंबईला विचारा. पण मटक्याला एक गार्ड होता, तोही नकळत. टपरीपर्यंत चालत जावं लागे, चिठ्ठी लिहून घ्यावी लागे, मग ओपनची वाट, मग क्लोजची. वाट पाहताना कधीकधी बायकोचा चेहरा आठवे. ॲपवाल्यांनी नेमकी ती वाट बुजवली. आणि ते हुशार. जाहिरातीच्या शेवटी 'सवय लागू शकते' हा इशारासुद्धा इतका भरधाव वाचायचे, की तो ऐकायलाही संयम लागायचा.

आवेग ही काही फक्त कंत्राटी कामगाराची मिरास नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांतल्या एका उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी लागले. नाव सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे. वर्दीतच मुलाखती झाल्या आणि आठवडाभरात निलंबनही. शिस्तभंग तो शिस्तभंग, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या ॲपवर खेळला म्हणून फौजदार घरी बसला, ते तेव्हा भारतीय क्रिकेट संघाचं मुख्य प्रायोजक होतं. त्याच आठवड्यात गहुंज्याला भारत-बांगलादेश सामना होता आणि बंदोबस्त याच आयुक्तालयाचा. शिवाय १ ऑक्टोबरपासून सरकारने अशा खेळांत टाकलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला होता. म्हणजे पोरगा एका पानाने हरो की दहा पानांनी, सरकारची सिक्वेन्स आधीच लागलेली.

मग जुलै २०२५. विधिमंडळात कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसली. त्यांचं म्हणणं, खेळत नव्हतो, आपोआप आलं ते बंद करत होतो. ठीक, ठेवू विश्वास. मग सांगा, जे मंत्र्याला सभागृहात झटकन बंद करता येत नाही, ते रात्रपाळीने पेंगुळलेल्या पोराला कसं करता येणार? मंत्र्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावर सदरकाराने काय लिहावं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. शहाणपणाचं झालं. पण दुकान बंद झालं म्हणून हाताची शिवशिव बंद होत नाही. परदेशातून चालणाऱ्या साइटची लिंक कुठल्यातरी ग्रुपवर येतेच. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराचं दुखणं 'आवेग आवरत नाही' या खणातून काढून दारू-ड्रग्जच्या शेजारी ठेवलं. आपल्याकडे ते अजून 'पोरगं वाया गेलं' याच खणात आहे.

प्रत्येक कंपनीच्या गेटवर एक फलक असतो: अपघाताविना इतके दिवस. बोट तुटलं की आकडा शून्यावर येतो, चौकशी बसते, मशिनला गार्ड लागतो. पगार तुटला तर आकडा तसाच पुढे सरकतो. दर १० तारखेला सुपरवायझरकडे उचल मागणारा पोरगा कोणत्याच फलकावर नाही.

तेव्हा सेफ्टी ऑफिसर साहेब, ४ मार्चला सुरक्षेची शपथ घ्यालच, हेल्मेट घालून फोटोही काढाल. त्या दिवशी दोन कामं जादा करा. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी कशी करायची, ते टूलबॉक्स टॉकमध्ये पाच मिनिटं दाखवा. दोन बटणांतलं दुसरं बटण ते. आणि कँटीनच्या भिंतीवर, मेनूच्या शेजारी, एक नंबर मोठ्या अक्षरांत लावा: १४४१६. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि नाईट शिफ्टलाही चालू असते.