शब्दशोधकाका

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. शाळेतून किंवा बँकेतून निवृत्त झालेला, खिशाला दोन रंगांची पेनं, काखेत गणिताची चौकटींची वही. रविवारच्या पुरवणीतलं कोडं सोडवायचं त्याने केव्हाच बंद केलेलं असतं. "सोडवण्यात काय मोठंसं? तयार करून दाखवा!" असं म्हणून तो स्वतःच शब्दशोध तयार करतो. आडवे, उभे, तिरके आणि हेच सगळे पुन्हा उलटे, अशा आठ दिशांना शब्द दडवतो आणि झेरॉक्स काढून जिन्यात गिऱ्हाईक गाठतो.

वाढदिवस असो, मुंज असो, काकांचा शब्दशोध हजर. एकदा कमिटीने टाकी धुण्याची नोटीस लिहायचं काम त्यांच्याकडे दिलं. नोटिशीत ‘टाकी’, ‘सफाई’, ‘मंगळवार’ आणि ‘पाणी बंद’ हे शब्द व्यवस्थित दडवलेले होते. मंगळवारी सकाळी निम्मी बी विंग अंगाला साबण लावून उभी होती. काकांचं म्हणणं एकच : "‘मंगळवार’ तर मी सरळ आडवा ठेवला होता!"

कागद हातात देण्याआधी ते इतिहास ऐकवतात. शब्दकोडं 1913 चं, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी केलेलं. शब्दशोध मात्र 1968 चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन गिबाट यांनी एका जाहिरातींच्या पत्रकात छापलेला. "आणि स्पेनवाले म्हणतात, आमच्या ओकॉन दे ओरोने त्याच्याही आधी केला!" हा वाद काका लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत मिटवत नाहीत.

जिल्ह्यांचा शब्दशोध म्हणजे त्यांच्या शिरपेचातला तुरा. दहा बाय दहा, शंभर घरं. कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, चंद्रपूर ही चारही नावं बरोबर चार-चार घरांची. काका ती चार दिशांनी आणून एकाच ‘र’वर टेकवतात आणि तीन घरं वाचली म्हणून दिवसभर खूश असतात. नामांतरावरून सोसायटीत दोन तट पडले, तेव्हा काका कुठल्याच तटात नव्हते. त्यांचं दुःख निराळं होतं. औरंगाबादला पाच घरं पुरायची, छत्रपती संभाजीनगरला दहा लागतात, म्हणजे अख्खी ओळ गेली. "धाराशिवने एक घर वाचवलं, अहिल्यानगरने एक वाचवलं, तरी तीन घरं अंगावर येतातच!"

खरी कला पुढेच. शब्द बसले की उरलेल्या घरांत भरताड घालायची. नवशिके तिथे नुसते क, ग, ट, प कोंबतात. मग कोल्हापुरातला ‘ल्हा’ लांबूनच डोळ्यांत भरतो. काका आधी पाच-सहा खोटे ‘ल्हा’ पेरतात, चार ‘पू’ इकडेतिकडे टाकतात, एका ‘को’ला मुद्दाम कोपऱ्यात उभा करतात. पोरं प्रत्येक ‘ल्हा’च्या आठी दिशांना बोट फिरवत बसतात आणि काका समोर बसून चहा पितात.

नातवाने एकदा संगणकावर आयता शब्दशोध करून दाखवला. ‘किनारा’ शब्द घातला, तर यंत्राने काने, वेलांट्या वेगवेगळ्या घरांत नेऊन ठेवल्या. एका घरात वेलांटी एकटीच, ठिपक्याठिपक्यांच्या गोलाला धरून. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "बंद कर ते."

भरताडीने एकदा त्यांनाही दगा दिला. भाचीच्या केळवणाला नातेवाइकांच्या नावांचा शब्दशोध केला होता. नवऱ्या मुलाच्या नावाशेजारीच, तिरक्या रेषेत, कोणीतरी ‘बकरा’ शोधून काढला. "‘ब’ आणि ‘क’ माझे, पण ‘रा’ तुमच्याच राघूमामांचा!" असं काका शपथेवर सांगत राहिले. वरपक्षाने शब्दशोध मात्र शेवटपर्यंत सोडवला. काकांच्या कारकिर्दीत तेवढं एकदाच घडलं.

एरवी त्यांचे शब्दशोध पुरे कोणी करत नाही. आणि केले तरी, शोधणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळावा लागतोच असं नाही. ‘पर्जन्यमान’ म्हणजे काय हे ठाऊक नसलेलं पोरही नुसती अक्षरं जुळवून त्याला गोल करतं आणि खेळायला पळतं. तयार करणाऱ्याला ही सूट नाही. ‘र्ज’ला घर एक की दोन, ‘पू’ ऱ्हस्व की दीर्घ, ‘समास’ दोन्हीकडून सारखाच वाचला जातो तर तो कोणत्या बाजूने मोजायचा, हे सगळं आधी त्यालाच ठरवावं लागतं. म्हणजे इतकी वर्षं सोसायटीला शिकवण्याच्या नावाखाली शिकले ते फक्त काका.

तेव्हा मे महिन्यात पोरांनी घर डोक्यावर घेतलं, की त्यांच्यापुढे तयार शब्दशोध टाकू नका. चौकटींची कोरी वही द्या आणि दहा शब्द त्यांनाच निवडू द्या. लांब शब्द आधी बसवा, जोडाक्षराला एकच घर द्या, भरताड शेवटी घाला, आणि वरपक्षाला देण्याआधी आठी दिशांना एकदा वाचून बघा. शब्दशोध झाला की थेट काकांकडे पाठवा. तो शेवटपर्यंत सोडवेल असा माणूस पंचक्रोशीत तोच एक आहे.