प्लास्टर निघालं, सवलत संपली

पायाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या दिवशी प्लास्टर कापलं जातं, त्याच दिवशी घरच्यांच्या लेखी पेशंट बरा झालेला असतो. पांढरं कवच दिसत होतं तोवर पाणी हातात आणि उशी पायाखाली मिळायची. आता ‘अजून काठी कशाला?’ वास्तविक खरी कसरत इथून सुरू होते. सहा आठवडे जखडलेली पोटरी दुसऱ्या पायाशेजारी उसनी आणल्यासारखी दिसते, कातडीचे पापुद्रे सुटतात, घोटा वाकायला नकार देतो, संध्याकाळी पाऊल सुजतं. १८५०च्या दशकात डच लष्करी डॉक्टर मॅथिसन यांनी प्लास्टरच्या पट्ट्या रूढ केल्या, त्या हाड जागेवर धरायला. चालायला शिकवण्याचं कंत्राट पट्टीने कधीच घेतलं नव्हतं. तरी ऑपरेशनचं बिल निमूट भरणारे आपण फिजिओथेरपिस्टच्या फीवर मात्र घासाघीस करतो.

‘आमचे आजोबा हाडवैद्याकडे पट्टी बांधून महिन्यात शेतावर गेले,’ हा आक्षेप ठरलेलाच. गेले असतील, पुढे जन्मभर राहिलेलं लंगडणं मात्र ‘वयोमानाप्रमाणे’ या सदरात जमा झालं. व्यायाम घरीही होतो, हे कबूल. चवड्याला टॉवेल अडकवून ओढायला पैसे पडत नाहीत. फक्त ते रोज करावं लागतं, आणि पायावर किती भार टाकायचा हे शेजारच्या काकांना नव्हे, सर्जनला विचारावं लागतं. काका अर्थात न विचारताच सांगतात, वर तेलाची बाटलीही देतात.