विषय क्रमांक एकच निवडावा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
आंतरविद्याशाखीय कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन अधिछात्रवृत्ती निवड समिती
(विद्यापीठाचे नाव आपणांस ठाऊक आहेच.)

विषय : अपात्र ठरवल्याबद्दल आभार.

महोदय,

आपली जाहिरात वाचून ऊर भरून आला होता. विद्याशाखांच्या भिंती ओलांडणारे तरुण संशोधक हवेत, असे तिच्यात ठळक अक्षरांत होते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून या भिंती पाडायचे काम सगळीकडे जोरात चालू आहे, हे ऐकून होते. मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी. प्रोग्रॅमही बऱ्यापैकी लिहिते. शेतकऱ्याची वऱ्हाडी यंत्राला नीट ऐकू यावी, एवढाच माझ्या संशोधनाचा हट्ट. म्हटले, ही जागा आपल्याचसाठी निघाली.

मग अर्ज उघडला. ‘विद्याशाखा’ या रकान्याखाली सूचना होती : एकच पर्याय निवडावा. ‘मानव्यविद्या’ निवडले की पुढच्या पानावरून कृत्रिम बुद्धिमत्ता गायब. ‘विज्ञान व तंत्रज्ञान’ निवडले की पदव्यांच्या यादीतून भाषाशास्त्र गायब. दोन्हीकडे ‘इतर’ होते. त्यावर टिचकी मारली की लाल अक्षरांत ‘वैध पर्याय निवडा’. हेल्पलाइनवरचे गृहस्थ फार सौजन्याने म्हणाले, “मॅडम, तुम्ही आधी एक काय ते ठरवा ना.” नेट परीक्षेच्या यादीत भाषाशास्त्राचा क्रमांक 31 आणि संगणकशास्त्राचा 87. या दोन आकड्यांच्या मधे राहणाऱ्यांसाठीच ही अधिछात्रवृत्ती आहे, असा आपला माझा समज.

शेवटी ‘मानव्यविद्या’वर खूण केली आणि यंत्राला ‘माध्यम’ या सदरात कोंबले. कागदपत्रांबद्दल तक्रार नाही. सगळे ऑनलाइन भरून घेऊन तेच सगळे तीन प्रतींत, स्वसाक्षांकित, स्पीड पोस्टाने मागवायची आपली पद्धत डाक खात्याच्या हिताचीच आहे. मार्गदर्शक एका विभागाचे, सहमार्गदर्शक दुसऱ्याचे, आणि दोन्ही विभागप्रमुखांचे ना हरकत प्रमाणपत्र, हेही रास्तच. फक्त प्रत्येक प्रमुखांना आधी दुसऱ्यांची सही पाहायची होती. त्या दोन इमारतींच्या मधे एक कँटीन आहे. आपल्या विद्यापीठात दोन शाखांचे लोक एकमेकांशी बोलतात ती तेवढी एकच जागा. माझ्या दोन्ही सह्या तिथेच झाल्या.

मुलाखतीला मी एक ध्वनिमुद्रण ऐकवले, आपणांस आठवत असेल. यवतमाळकडचे एक काका सांगतात, “वावरात पानी साचून ऱ्हायलं, पऱ्हाटी पिवई पडली.” यंत्राने ते उतरवून घेतले : ‘वापरात पाणी साचून राहिले, पराठी पिवळी पडली.’ शेत बुडाले आणि कपाशीचा पराठा झाला. राज्य सरकारने 2025मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, त्यासाठी 500 कोटींची तरतूद केली. उद्या काकांना सल्ला यंत्रच देणार. तेव्हा ते काय ऐकते याची चौकशी आधी करावी, असे माझे म्हणणे होते. आपल्यातले संगणकतज्ज्ञ म्हणाले, “यात नवीन मॉडेल कुठे आहे?” भाषातज्ज्ञ म्हणाले, “यात भाषेचा सिद्धान्त कुठे आहे?” मग दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. त्या अर्ध्या तासातला आंतरविद्याशाखीय संवाद तेवढाच. मला तो जवळून पाहायला मिळाला.

पुढे नकाराचे पत्र आले. कारण : ‘प्रस्ताव कोणत्याही एका विद्याशाखेच्या कक्षेत बसत नाही.’ हे वाक्य मी जपून ठेवले आहे. आपल्या जाहिरातीचा अर्थ इतक्या मोजक्या शब्दांत खुद्द जाहिरातीलाही सांगता आला नव्हता.

आपल्या छाननीची शिस्त मात्र जगाने आधीच उचलायला हवी होती. 1955मध्ये जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे अर्ज केला. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव त्याच अर्जातून पुढे आले. यंत्राला भाषा कशी वापरता येईल, हाही एक मुद्दा त्यात होता. मागितले 13,500 डॉलर, मिळाले 7,500. पुढच्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात मंडळी जमली. त्यांत हर्बर्ट सायमन होते. त्यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातली, ट्युरिंग पुरस्कार 1975मध्ये संगणकशास्त्राचा, नोबेल 1978मध्ये अर्थशास्त्राचे. आपल्या अर्जात हे गृहस्थ पहिल्याच रकान्यात अडकले असते. जेफ्री हिंटन यांची पहिली पदवी मानसशास्त्राची; 2024मध्ये नोबेल मिळाले ते भौतिकशास्त्राचे. ‘मूळ पदवी संबंधित विषयातील नाही’ असा शेरा मारून त्यांची फाइल आपल्या कारकुनांनी दुपारच्या चहाआधी बंद केली असती.

एक गोष्ट गंभीरपणे लिहिते. हुशार माणसे आपल्याकडे आहेत, पैसाही अगदीच नाही असे नाही; कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 2023पासून महिना 37,000 रुपये झाली आहे. अडते ते हिशेबाच्या वहीत. प्रबंध कोणत्या विभागाच्या खात्यात मोजायचा, गाईडची रिकामी जागा कोणाची भरली, पुढे सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत हा उमेदवार कोणत्या विषयाचा म्हणून चालेल, याची उत्तरे कोणी ठरवलेली नाहीत. ती ठरेपर्यंत समितीवर दोन शाखांचे तज्ज्ञ बसवून काही होत नाही. ते आपापल्या शाखेची राखण करतात, आणि त्यात त्यांचा दोषही फारसा नाही.

तेव्हा विनंती एवढीच. अर्जात दुसरा विषय लिहायला एक रकाना ठेवा आणि दोन विषयांच्या प्रबंधाचे श्रेय दोन्ही विभागांना अर्धे-अर्धे द्या. कुलगुरूंच्या एका परिपत्रकाने होण्यासारखे आहे. जमत नसेल, तर जाहिरातीतून ‘आंतरविद्याशाखीय’ तेवढे काढून टाका. पुढच्या उमेदवारांचे स्पीड पोस्टाचे पैसे तरी वाचतील.

कळावे,
आपली,
एक अपात्र उमेदवार